लाउफेनबुर्ग: एका नदीचं, दोन देशांचं आणि सत्तावीस सेंटिमीटरचं गाव

नेहमीप्रमाणे ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बोलताना झालेले "म्हणजे" आणि "बरं का" मी बरेचसे काढलेत, सगळे काढले तर मीच वाटणार नाही, म्हणून थोडे ठेवलेत.

स्वित्झर्लंड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? बर्फ, गाई, युंगफ्राउ आणि यश चोप्रांची नायिका. आज त्यातलं काहीच नाही. आज जायचंय ते ऱ्हाइन नदीच्या काठावरच्या एका छोट्या गावात. नाव लाउफेनबुर्ग. बाझेलहून थेट लोकल आहे, पाऊण तासाच्या आसपास लागतो. नदीच्या डाव्या तीरावर स्वित्झर्लंडचं लाउफेनबुर्ग, उजव्या तीरावर जर्मनीचं लाउफेनबुर्ग. मध्ये एक पूल. पाच मिनिटांत तुम्ही एका देशातून दुसऱ्या देशात जाता, आणि दोन्हीकडे पाटीवर नाव एकच.

मी पेशानं सॉफ्टवेअर इंजिनियर. त्यामुळे दोन सिस्टीम जोडायच्या म्हटलं की माझे कान टवकारतात, कारण घोटाळे बहुतेक वेळा जोडावरच होतात. लाउफेनबुर्ग हे असं जोडाचं गाव आहे. इथं नदी, राजघराणं, सीमा, वीज आणि काँक्रीट, सगळ्यांचे सांधे एकाच ठिकाणी आलेत. म्हणून "पाहण्यासारखी ठिकाणं" अशी यादी वाचून न दाखवता मी ही ठिकाणं त्या सांध्यांच्या क्रमानं सांगणार आहे.

पहिलं ठिकाण, जे आता नाही

पुलावर उभे राहा आणि खाली बघा. शांत, हिरवट, रुंद पाणी. बदकं पोहतायत. फोटोला छान. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथं उभं राहिलात तर शेजारच्याशी ओरडून बोलावं लागलं असतं.

जर्मनमध्ये लाउफेन म्हणजे धावणं. ऱ्हाइनच्या या भागात नदी खडकांतून उसळत धावते त्या जागेलाही लाउफेन म्हणत. बुर्ग म्हणजे किल्ला. म्हणजे गावाचं नाव झालं "खळाळाकाठचा किल्ला". दोन्ही बाजूंनी खडक पुढे आलेले, नदी मध्ये आवळलेली आणि पाणी फेसाळत खाली जाणारं. इंग्लिश चित्रकार टर्नर १८०२ साली स्वित्झर्लंडला आला होता. त्यानं या जागेचं चित्र केलं आणि १८११ मध्ये ते छापून प्रसिद्ध झालं.

हा खळाळ नुसता देखावा नव्हता. गावाचं पोट त्याच्यावर होतं. वरून आलेल्या नावा इथं थांबायच्या. माल उतरवायचा, गाड्यांवर घालून गावातून खाली न्यायचा आणि रिकामी नाव दोरांनी धरून, खडकांवरून चालत, हळूहळू खाली सोडायची. हे काम करणारे गडी ठरलेले होते, त्यांना लाउफेनक्नेश्ट म्हणत. लाकडांचे तराफे खाली सोडायला पाणी ओळखणारी माणसं लागायची. शिवाय सामन मासा. समुद्रातून उलटा पोहत येणारा सामन या खळाळात धापा टाकायचा आणि कोळ्यांच्या जाळ्यात सापडायचा. आसपासच्या डोंगरांतलं लोहखनिज आणि वाहत्या पाण्याची ताकद यांमुळे लोहारकामाचे हातोडेही इथं चालायचे.

थोडक्यात, नदी अडखळायची म्हणून गाव होतं. माल जिथं थांबतो तिथं हमाल, खानावळ, जकात आणि बाजार आपोआप येतात. घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या आपल्या गावांना हे वेगळं सांगायला नको.

या पाण्याची एक दुःखद गोष्टही आहे. ऑक्टोबर १७९३. लॉर्ड मॉन्टेग्यू हा चोवीस वर्षांचा इंग्लिश सरदार आणि त्याचा मित्र बर्डेट इथं आले. या खळाळातून नाव घालून पार जायचं, असं त्यांनी ठरवलं. दोघंही बुडाले. त्याच्या काही दिवस आधी, सप्टेंबरात, इंग्लंडमधला त्याचा वाडा काउड्रे हाउस आगीत जळून गेला होता. ती बातमी त्याच्यापर्यंत पोचलीच नाही असं सांगतात.

दुसरं ठिकाण: टेकडीवरचा पडका किल्ला

स्विस बाजूच्या जुन्या गावातून दगडी गल्ली चढत वर गेलात की टेकडीवर किल्ल्याचे अवशेष आणि एक बुरूज लागतो. चढ फार नाही, सिंहगड केलेल्या माणसाला हसू येईल. पण वरून दोन्ही गावं, नदी आणि पलीकडचे ब्लॅक फॉरेस्टचे डोंगर एका नजरेत दिसतात.

हा किल्ला हाब्सबुर्ग घराण्याचा. हो, तेच हाब्सबुर्ग, ज्यांनी पुढे व्हिएन्नातून अर्ध्या युरोपवर राज्य केलं. आपण त्यांना ऑस्ट्रियाचे म्हणतो, पण त्यांचं मूळ इथलं, आजच्या स्वित्झर्लंडच्या आरगाऊ प्रांतातलं. त्यांचं नाव ज्या गढीवरून पडलं ती हाब्सबुर्ग गढी इथून गाडीनं जवळच आहे. १२३२ च्या सुमारास घराण्यात वाटण्या झाल्या. धाकटी पाती लाउफेनबुर्गला बसली. थोरल्या पातीतला रूडॉल्फ १२७३ मध्ये जर्मनांचा राजा म्हणून निवडला गेला आणि त्या शाखेचं नशीब पालटलं. धाकट्यांचं मात्र उलटं. पैसा संपत गेला आणि १३८६ मध्ये त्यांनी हे गाव थोरल्यांच्या वारसांना विकून टाकलं. १४०८ मध्ये ही पातीच पुरुषवंशात संपली. भाऊबंदकी, वाटण्या, कर्ज, विक्री... आपल्याकडच्या कुठल्याही वाड्याची गोष्ट वाटते ना?

यातला आपल्याला लागणारा मुद्दा असा: त्यानंतर चारशे वर्षं नदीचे दोन्ही तीर ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्गांकडेच होते. दोन तीर, एक गाव, एक पूल. मोठा भाग डाव्या काठाला, चर्च तिकडेच. उजव्या काठाला छोटी वस्ती.

तिसरं ठिकाण: पूल आणि नेपोलियनची रेघ

आता तारीख लक्षात ठेवा: ९ फेब्रुवारी १८०१. फ्रान्सशी लढून हरलेल्या ऑस्ट्रियानं लुनेव्हिलचा तह केला. त्या तहात ऱ्हाइनच्या डाव्या काठचा फ्रिकताल हा भाग ऑस्ट्रियाच्या हातून गेला. नेपोलियनच्या फ्रान्सला तो स्वतःकडे ठेवायचा नव्हता, त्यानं तो स्विस लोकांना दिला. १८०२ मध्ये फ्रिकताल काही महिने स्वतंत्र कँटन, म्हणजे प्रांत, म्हणून नांदला आणि १८०३ मध्ये आरगाऊ प्रांतात विलीन झाला. पलीकडचा काठ काही वर्षांत बाडनच्या राज्याकडे गेला.

सीमा कुठं असावी? नदीच्या मधोमध. नकाशावर हे फार स्वच्छ दिसतं. निळी रेघ आधीच आखलेली आहे, नवी आखायची गरज नाही. पण नकाशावर नदी ही कड असते. काठावर राहणाऱ्याला ती घराचं अंगण असते. लाउफेनबुर्गसारख्या गावात दोन्ही काठ एकच बाजार, एकच चर्च, एकच सोयरीक. एका सहीनं भावकीत सीमा आली. सर रॅडक्लिफची रेघ माहीत असलेल्या आपल्या पिढ्यांना हे समजायला वेळ लागू नये. फरक इतकाच की इथं रक्त सांडलं नाही.

आणि गंमत बघा, गाव तुटलं तरी गावाचा शिमगा तुटला नाही. लेंटच्या उपवासाआधी इकडे फासनाख्त नावाचा सण असतो: मुखवटे, वाद्यं, धिंगाणा. लाउफेनबुर्गचं जुनं मंडळ कोळ्यांच्या संघातून आलेलं आहे आणि आपल्या नावातच १३८६ हे साल लावतं. हे मंडळ आजही दोन्ही गावांचं मिळून एकच आहे. सणाआधीच्या तीन गुरुवारी पहाटे डबे-ताटं बडवत मिरवणूक निघते, ती पूल ओलांडून दोन्ही देशांत फिरते. विचित्र कपड्यांतले नारो मुलांना खाऊ उधळतात. जायचंच असेल तर हिवाळ्याच्या शेवटी जा, थंडी सोसा, पण हे बघा.

पूल स्वतःही बघण्यासारखा आहे. इथं पूल असल्याची नोंद थेट १२०७ सालची. सध्याचा दगडी दिसणारा कमानींचा पूल १९११ चा, रोबेर मायार या स्विस इंजिनियरचा. काँक्रीटच्या कमानींसाठी पुढे जगभर नाव झालं, तोच मायार. आजूबाजूला जुनी घरं इतकी चिकटून आहेत की हा पूल शतकानुशतकं इथंच असावा असं वाटतं. दोन महायुद्धांत ही सीमा बंद झाली. २०२० च्या साथीतही जर्मन-स्विस सीमा वसंतात बंद होती, १५ जूनला उघडली. रोज दूध आणायला पलीकडे जाणाऱ्या माणसाला नेपोलियनची रेघ त्या तीन महिन्यांत पुन्हा दिसली.

चौथं ठिकाण: धरण, आणि त्याची किंमत

आता परत त्या शांत पाण्याकडे. खळाळ गेला कुठं?

गावापासून थोडं खाली नदीच्या आडवं वीजकेंद्र उभं आहे. बांधकाम १९०८ ते १९१४. त्या काळात युरोपातल्या सगळ्यात मोठ्या वाहत्या पाण्यावरच्या केंद्रांपैकी एक. पाणी अडवायचं तर मागं फुगणार, आणि मागं होता खळाळ. खडक सुरुंग लावून फोडले. उरलेलं वर चढलेल्या पाण्याखाली गेलं. मायारचा पूल याच वेळचा, तो योगायोग नाही. नदीची पातळीच बदलणार होती.

विरोध झाला. जर्मनीत १९०४ मध्ये आणि स्वित्झर्लंडमध्ये १९०५ मध्ये देशाचं रूप जपण्यासाठी संघटना निघाल्या होत्या, आणि लाउफेनबुर्गचा खळाळ हा त्यांच्या सुरुवातीच्या लढ्यांपैकी एक होता. ते हरले. मी इथं धरणवाल्यांना खलनायक करणार नाही. मी ज्या सर्व्हरवर पोट भरतो ते विजेवर चालतात. कारखाने आले, गावागावांत दिवे आले, हे खरंच. पण हिशेब पूर्ण मांडायला हवा. खळाळ गेला तसे नावा उतरवणारे गडी गेले, सामन गेला, कोळी गेले. देखावा गमावला त्याबद्दल शहरातल्या लोकांनी लिहिलं. रोजगार गमावला तो गावातल्यांनी.

आपल्याकडे नेमकी हीच दशकं. १९१५ मध्ये टाटांचं खोपोलीचं वीजकेंद्र सुरू झालं, १९२१ मध्ये सेनापती बापटांबरोबर मुळशीचे शेतकरी धरणासमोर बसले. दिवे मुंबईत लागणार होते, बुडणार होतं मावळ. लाउफेनबुर्गला घरं बुडली नाहीत, म्हणून तुलना ताणणार नाही. पण वीज एकीकडे आणि किंमत दुसरीकडे, हा नमुना तोच.

म्हणून मी म्हणतो, या गावातलं सगळ्यात महत्त्वाचं ऐतिहासिक ठिकाण दिसत नाही. गावाच्या नावात तेवढं उरलंय.

पाचवं ठिकाण: तारांचा तारा

आता माझ्या आवडीचा भाग. गावाबाहेर विजेचं एक भलंमोठं स्विचयार्ड आहे. कुंपणाबाहेरून बघायचं, आत जाता येत नाही. पर्यटक इकडे फिरकत नाहीत आणि त्यांचं बरोबरच आहे, दिसायला ते लोखंडी जंगल आहे.

पण १९५८ मध्ये इथं फ्रान्स, जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांच्या वीजजाळ्या एकत्र जोडल्या गेल्या. नाव पडलं "लाउफेनबुर्गचा तारा". युद्ध संपून तेरा वर्षं झाली होती. एकमेकांवर बॉम्ब टाकलेले देश आता एका लयीत, सेकंदाला पन्नास आवर्तनं, एकत्र फिरू लागले. विजेच्या जाळ्या जोडायच्या म्हणजे नळाला नळ जोडणं नव्हे. सगळ्या जनित्रांची लय जुळावी लागते, एखादा ढोलपथकात बेताल वाजला तर सगळं पथक घसरतं, तसं. आजचं युरोपभर पसरलेलं जाळं याच ताऱ्यातून वाढत गेलं. धरणानं एक नदी गप्प केली आणि त्याच विजेच्या धंद्यातून हे गाव खंडाच्या जाळ्याचा सांधा झालं.

सांधा असण्याचा धोका २८ सप्टेंबर २००३ च्या पहाटे दिसला. तेव्हा स्विस जाळ्याचं समन्वय केंद्र लाउफेनबुर्गलाच होतं. स्वित्झर्लंडमधून इटलीकडे भरपूर वीज चालली होती. भार वाढला की तार तापते, तापली की खाली झोळते. ३ वाजून १ मिनिटाला आल्प्समधली एक तार झाडाजवळ आली, ठिणगी पडली, लाइन बंद. भार शेजारच्या लाइनवर. ३:११ ला लाउफेनबुर्गहून रोमला फोन गेला की तुमची आयात कमी करा. ३:२५ ला दुसरी लाइनही गेली. मग काही सेकंदांत इटली युरोपपासून तुटली आणि दोन-अडीच मिनिटांत सार्डिनिया वगळता जवळजवळ सगळा देश अंधारात. सुमारे साडेपाच कोटी माणसं. एक झाड!

ऑन-कॉल ड्युटी केलेल्या माझ्या मित्रांनो, ती चोवीस मिनिटं डोळ्यांसमोर आणा.

सहावं ठिकाण: सत्तावीस सेंटिमीटर

आणि त्याच वर्षी, त्याच गावात, दुसरी गोष्ट. जुन्या पुलावरची गर्दी कमी करायला नवा पूल बांधत होते, होखऱ्हाइन पूल. अर्धं काम जर्मन बाजूनं, अर्धं स्विस बाजूनं.

आपल्या रेल्वे स्टेशनांच्या पिवळ्या पाटीवर "समुद्रसपाटीपासून उंची" लिहिलेली असते. लहानपणी कधी प्रश्न पडला का, कुठला समुद्र? जर्मनी उंची मोजते ती अ‍ॅमस्टरडॅमच्या समुद्रापासून. स्वित्झर्लंडला समुद्रच नाही. जिनिव्हाच्या तलावात पिएर द्यु नितों नावाचा एक खडक आहे, तो त्यांचा संदर्भबिंदू, आणि त्याची उंची मार्सेयच्या, म्हणजे भूमध्य समुद्राच्या, पातळीवरून धरलेली. खडकाची उंची आधी ३७६.८६ मीटर धरत, नंतर जास्त अचूक मोजणी झाल्यावर ३७३.६ मीटर ठरली. म्हणजे अख्खा देश कागदावर तीन मीटरहून जास्त खाली आला आणि कोणाच्या चहाच्या कपातलं पाणीही हललं नाही.

लाउफेनबुर्गला या दोन शून्यांमधला फरक २७ सेंटिमीटर आहे. हे इंजिनियरांना माहीत होतं. त्यांनी तो हिशेबात धरलाही. फक्त अधिकच्या जागी उणे झालं. चूक उलट्या दिशेला गेल्यामुळे फरक मिटण्याऐवजी दुप्पट झाला: ५४ सेंटिमीटर. दोन बाजू मध्यभागी भेटणार तेव्हा एक दुसरीपेक्षा फूटभराहून जास्त वर. वेळेत लक्षात आलं, उंची पुन्हा जुळवली आणि २००४ च्या शेवटी पूल खुला झाला. आज त्यावरून गाडी गेली तर काही कळत नाही.

लोक ही गोष्ट "बघा, जर्मन आणि स्विससुद्धा चुकतात" म्हणून हसत सांगतात. मला त्यात वेगळं दिसतं. फरक आहे हे कोणाला ठाऊकच नव्हतं, अशी ही चूक नव्हे. फरक ठाऊक होता, कागदावर होता, त्याची दुरुस्तीही केली होती. चुकली ती दिशा. आपण टाइमझोन बदलताना साडेपाच तास मिळवायच्या ऐवजी वजा करतो, तेच हे. जोडायचंय हे माहीत असणं पुरत नाही, कोणाच्या शून्यापासून कोणाच्या शून्याकडे चाललोय हे दर वेळी तपासावं लागतं. सीमा काय, वीज काय, उंची काय, तिन्ही माणसांनी ठरवलेल्या गोष्टी. ठरवलेल्या म्हणजे खोट्या नव्हेत. ठरवलेल्या म्हणजे कोणीतरी सतत सांभाळाव्या लागणाऱ्या.

आणखी वेळ असेल तर

एक दिवस हाताशी असेल तर जवळपासचं थोडक्यात सांगतो.

बाड झेकिंगेन: नदीच्या खालच्या अंगाला, जर्मन बाजूला. इथं छप्पर असलेला लाकडी पूल आहे, सुमारे २०४ मीटर लांब, या प्रकारात युरोपातला सगळ्यात लांब. १९७९ पासून फक्त पायी जाणाऱ्यांसाठी. पलीकडे स्टाइन हे स्विस गाव. पावसात चालायला यासारखी जागा नाही.

कोब्लेंझ: वरच्या अंगाला, जर्मनीतलं मोठं कोब्लेंझ नव्हे, स्विस गाव. इथं रोमन टेहळणी बुरुजाचे अवशेष आहेत. शिलालेख इसवी सन ३७१ चा, सम्राट व्हॅलेंटिनियनच्या काळचा. म्हणजे ऱ्हाइन सीमा म्हणून वापरायची कल्पना नेपोलियनची नव्हे, त्याच्या चौदाशे वर्षं आधीची. आणि इथला खळाळ फोडला गेला नाही, अजून वाहतो. लाउफेनबुर्गला जे हरवलं त्याची छोटी आवृत्ती बघायची असेल तर इथं.

ऑगुस्टा राउरिका: बाझेलच्या वाटेवर. रोमन नाट्यगृह, संग्रहालय आणि १९६१-६२ च्या हिवाळ्यात सापडलेला चांदीच्या भांड्यांचा खजिना. मुलांना घेऊन गेलात तर हेच करा.

व्यवहाराचं: शेंगेन व्हिसावर दोन्ही काठ चालतात, पण पासपोर्ट जवळ असू द्या. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, त्यामुळे सामानावर जकातीचे नियम लागू आहेत. जेवण जर्मन बाजूला स्वस्त, स्विस लोकही तिकडेच खरेदीला जातात. तिकडे युरो, इकडे फ्रँक, दोन्ही थोडे ठेवा.

तर मंडळी, आजचा भाग इथपर्यंत. जाता जाता एक काम देतो. तुमच्या गावातल्या नदीवर, खिंडीवर किंवा नाक्यावर जुन्या काळी माल का थांबायचा, आणि तो थांबायचा बंद झाल्यावर तिथल्या माणसांचं काय झालं, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. उत्तरं आवाजी संदेशात पाठवा, चांगली असतील ती पुढच्या भागात तुमच्याच आवाजात ऐकवीन. भेटूच. काळजी घ्या, आणि अधिक-उणे दोनदा तपासा!